शेजारी नवीन टॉवर येतोय आणि कॉलनीत वाद पेटलाय? हरकत कुठे, कशी, कधी घ्यायची (नाशिककरांसाठी)

पाथर्डी फाट्यापासून आडगावपर्यंत आणि गंगापूर रोडपासून जेलरोडपर्यंत सगळीकडे हेच चाललंय. मोकळ्या प्लॉटला पत्रे लागतात, जेसीबी येतो, आणि संध्याकाळपर्यंत कॉलनीच्या ग्रुपवर मेसेजचा पाऊस. कोणी म्हणतं बावीस मजले येणार, कोणी म्हणतं गार्डनची जागा खाल्ली, कोणी म्हणतं नगरसेवकाला फोन लावा, आणि आठवड्याभरात सगळे आपापल्या कामाला. मग बिल्डिंग उभी राहते, ड्रेनेज तुंबायला लागतं आणि तेव्हा कळतं की लेखी हरकत द्यायला जो एक महिना होता तो आपण ग्रुपवर भांडण्यात घालवला.

माझं मत आधीच सांगून टाकते. नवीन घरं यायला हवीत. सातपूर-अंबडला कामाला येणारी पोरं, कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) आणि खानदेशातून शिकायला, नोकरीला येणारी कुटुंबं राहणार कुठे? पण घरांबरोबर पाणी, रस्ता, ड्रेनेज, मुलांना खेळायची जागा हे पण आलं पाहिजे आणि ते मागायची एक पद्धत आहे, वेळ आहे, ऑफिस आहे. आरडाओरड करणाऱ्या दोनशे लोकांपेक्षा वेळेत दिलेला, आवक नंबर पडलेला एक पानाचा अर्ज जास्त काम करतो, हे मी परत परत बघितलंय.

आधी शोधा: निर्णय नक्की कुठे अडलाय

बऱ्याच जणांना वाटतं की प्रत्येक मोठ्या बिल्डिंगला जनसुनावणी असतेच. नसते. जागा रहिवासी झोनमध्ये आहे, प्लॅन नियमात बसतो, तर नगररचना विभाग तो तपासतो आणि बांधकाम परवानगी देऊन टाकतो, शेजाऱ्यांना विचारायची तरतूदच नाही. २० हजार चौरस मीटरच्या वर बांधकाम असेल तर पर्यावरण मंजुरी लागते, सप्टेंबर २००६ च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे, पण त्यातसुद्धा इमारतींच्या प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट आहे. म्हणजे "सुनावणी का घेतली नाही" असं ओरडत पालिकेत गेलात तर साहेब नियम दाखवणार आणि तुम्ही हात हलवत परत येणार.

मग आपला आवाज कुठे चालतो? मुख्य जागा सांगते.

पहिली म्हणजे शहराचा विकास आराखडा, आपण ज्याला डीपी म्हणतो. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६, सगळे एमआरटीपी म्हणतात, त्याच्या कलम २६ खाली प्रारूप आराखडा जाहीर होतो आणि सूचनेत दिलेल्या मुदतीत कोणीही हरकत किंवा सूचना देऊ शकतो, प्लॉटचा मालक असायची गरज नाही. नंतर कलम २८ ची नियोजन समिती सुनावणी घेते, आणि इथे लक्ष द्या, ज्यांनी लेखी दिलंय त्यांनाच बोलावतात. नाशिकचा पहिला डीपी १९९३ चा, सुधारित मंजूर झाला जानेवारी २०१७ मध्ये. एवढ्या वर्षांनी हा मौका येतो, त्यामुळे पुढचा आराखडा जाहीर होईल तेव्हा कॉलनीतल्या चार लोकांनी तो काळ मोकळा ठेवा.

दुसरी जागा म्हणजे डीपीतला बदल, कलम ३७. हिरव्या पट्ट्यातली जमीन रहिवासी करायची, आरक्षण उठवायचं, रस्ता सरकवायचा, हे सगळं इथून होतं. राजपत्रात आणि पेपरात जाहीर सूचना येते आणि एक महिना मिळतो. सगळ्यात जास्त गोष्टी इथेच नजरेतून सुटतात कारण सूचना बारीक टायपात आतल्या पानावर असते आणि त्यात तुमच्या कॉलनीचं नाव नसतं, सर्व्हे नंबर असतो. त्यामुळे कॉलनीतल्या एका रिटायर्ड काकांना हे कामच देऊन टाका: देशदूत, गावकरी, लोकमत, सकाळ यातल्या जाहीर सूचना रोज चाळायच्या आणि आपल्या भागाचे सर्व्हे नंबर दिसले की फोटो काढून ठेवायचा.

याच्याच जोडीला कलम १२७ समजून घ्या, कारण "गार्डनची जागा बिल्डरने खाल्ली" या तक्रारीमागे खूपदा हेच कलम निघतं. डीपीत जागा आरक्षित केली, दहा वर्षं झाली तरी पालिकेने घेतली नाही, तर मालक नोटीस देतो. नोटिशीनंतर २४ महिन्यांत पालिकेने संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण गळून पडतं आणि मालक शेजारच्या प्लॉटसारखंच बांधकाम करू शकतो. म्हणजे राग बिल्डरवर निघतो पण जागा गेलेली असते त्या २४ महिन्यांत पालिका गप्प बसली म्हणून. तुमच्या भागातल्या गार्डन, शाळा, दवाखान्याच्या आरक्षणांची यादी आजच काढा आणि दरवर्षी एक अर्ज टाका की या जागेवर कलम १२७ ची नोटीस आली आहे का, आली असेल तर पालिकेने काय केलं, टीडीआर (जमिनीच्या बदल्यात दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) देऊन जागा ताब्यात घ्यायचा प्रयत्न केला का. तुम्ही अजून पत्रे लागायची वाट बघताय तोवर हा अर्ज जाऊ शकतो, आणि माझ्या मते या अख्ख्या लेखातलं सगळ्यात कामाचं काम हेच आहे.

तिसरी जागा नगर रचना योजना, टीपी स्कीम. स्मार्ट सिटीतली मखमलाबाद-हनुमानवाडीची योजना आठवत असेल, साधारण साडेसातशे एकर, शेतकऱ्यांच्या जमिनी एकत्र करून रस्ते, गार्डन, सुविधा काढायच्या आणि उरलेले प्लॉट ज्याचे त्याला परत, आणि त्यावर शेतकऱ्यांमध्ये सरळ दोन तट पडले. यात प्रारूप योजना जाहीर झाल्यावर बाधित माणसाला ३० दिवसांत लेखी हरकत देता येते आणि पुढे लवाद एकेका मालकाला ऐकतो. कोणाला किती टक्के जमीन परत, कुठला प्लॉट, रस्त्यावरचा का आतला, हे सगळं तिथे ठरतं, त्यामुळे नुसतं "आमचा विरोध आहे" लिहून थांबू नका, विरोध असला तरी "योजना झालीच तर आमचं म्हणणं असं" हा दुसरा परिच्छेद लिहाच.

चौथी झाडं. प्लॉटवर मोठी झाडं तोडायची असतील तर १९७५ च्या झाडांच्या कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, पेपरात जाहिरात येते, झाडावरही नोटीस लावायची असते. मुदत फारच छोटी, बहुतेक वेळा सातच दिवस. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये साधुग्रामासाठी (कुंभमेळ्यात साधूंच्या मुक्कामाची जागा) तपोवनातल्या झाडांची नोटीस निघाली तेव्हा शेकडो हरकती गेल्या आणि सुनावणी राज्यभर गाजली, ती लोकांनी त्या थोड्या दिवसांत लेखी दिलं म्हणून.

स्वतःच्याच सोसायटीचा रिडेव्हलपमेंट हा अजून एक वेगळा प्रकार, त्यावर खाली लिहिते. आणि पालिकेच्या हद्दीबाहेर गावात असाल तर तिथे एनएमआरडीए (नाशिक महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) बघतं, अर्ज राजीव गांधी भवनात, म्हणजे महापालिकेत, देऊन उपयोग नाही.

कागद कुठून काढायचे

सुरुवात साइटवरच्या बोर्डापासून. सर्व्हे किंवा गट नंबर, परवानगी नंबर, आर्किटेक्टचं नाव, महारेरा (बिल्डरच्या प्रकल्पांची नोंदणी करणारं राज्याचं प्राधिकरण) नंबर, सगळ्याचा फोटो. बोर्ड नसेल तर तोही फोटो काढा, तो तुमच्या अर्जाचा पहिला मुद्दा.

महारेराच्या साइटवर फुकट बघता येतं. जागा ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त किंवा ८ पेक्षा जास्त फ्लॅट असले की नोंदणी लागते, आणि तिथे मंजूर प्लॅन, किती फ्लॅट, किती मजले, कधी पूर्ण करणार हे बिल्डरने स्वतः टाकलेलं असतं. ग्रुपवर बावीस मजल्यांची चर्चा आणि मंजूर प्लॅनमध्ये अकरा, असं निघू शकतं, मग अर्ध्या भांडणाचा निकाल तिथेच लागतो.

मोठा प्रकल्प असेल तर केंद्राच्या परिवेश पोर्टलवर पर्यावरण मंजुरीची फाइल शोधा. तिच्यात रोज किती पाणी लागणार, कुठून आणणार, सांडपाणी किती, पार्किंग किती हे बिल्डरच्याच कन्सल्टंटने लिहिलेलं असतं, आणि सुनावणीत बिल्डरचाच आकडा वाचून दाखवला की त्याला खोडता येत नाही. पाण्याचं साधं गणित तुम्हीही करा: माणशी रोज १३५ लिटर धरतात, एका फ्लॅटमध्ये पाच माणसं, फ्लॅटची संख्या, गुणाकार. मग पाणीपुरवठा विभागाला विचारा की आमच्या भागातल्या टाकीची क्षमता किती आणि सध्या किती घरांना जातंय. गंगापूर धरणात पाणी आहे की नाही हा प्रश्न वेगळा, तुमच्या गल्लीतल्या लाइनला प्रेशर आहे का हा वेगळा, अर्जात दुसराच विचारा.

माहितीचा अधिकार आहेच, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांच्या आत, उत्तराला ३० दिवस. पण हरकतीची मुदतही बऱ्याचदा ३० दिवसच असते ना, उत्तर येईपर्यंत मुदत संपून जाते. म्हणून आधी सोमवारची सोय वापरा: राज्य सरकारच्या नोव्हेंबर २०१८ च्या निर्णयाप्रमाणे जिल्हा पातळीवरची ऑफिसं आणि महापालिका, नगरपालिकांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना फाइल बघता येते. त्या निर्णयाची प्रिंट बरोबर न्या, कारण काउंटरवरच्या माणसाला तो माहीत नसण्याची शक्यता आहे, आणि वाद न घालता शांतपणे पुढे करा.

नगररचना विभागातून दोन कागद मागा, तुमच्या भागाचा डीपीचा भाग नकाशा आणि त्या सर्व्हे नंबरचा झोन दाखला. मग मोजपट्टी घेऊन रस्ता मोजा. हे कोणी करत नाही आणि हेच सगळ्यात जड पडतं. डिसेंबर २०२० पासून राज्यभर जी एकत्रित बांधकाम नियमावली लागू आहे, यूडीसीपीआर, तिच्यात किती बांधता येईल हे रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. ९ मीटरपेक्षा कमी रस्ता असेल तर मूळ १.१ एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधता येईल तो आकडा), आणि रस्ता जसा रुंद तसा प्रीमियम (पैसे भरून मिळणारा जादा एफएसआय) आणि टीडीआर धरून ३ पर्यंत, वर अ‍ॅन्सिलरी (जिने, बाल्कनी वगैरेंसाठीचा जादा) वेगळा. आता नकाशात रस्ता १२ मीटर आणि जागेवर सात भरतोय, कारण रुंदीकरण झालंच नाही किंवा कडेला टपऱ्या आणि कंपाउंड पुढे आलेत, तर हा तुमचा मुद्दा. फायर ब्रिगेडची गाडी वळेल का हे विचारा. तीन ठिकाणी मोजा, मोजताना टेप दिसेल असा फोटो काढा.

नदी-नाल्याजवळ असाल तर पूररेषा बघा. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नाही, निळ्या आणि लालच्या मध्ये अटी. गोदावरीचं सगळ्यांना माहितीये, दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं यावरून आपण पूर मोजतो, पण नासर्डी, वालदेवी आणि छोटे नाले यांच्याकडे लक्ष जात नाही. २००८ च्या सप्टेंबरमध्ये, २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी कुठपर्यंत आलं होतं याचे फोटो जुन्या लोकांकडे असतात. गोळा करा, मागे तारीख आणि घराचा पत्ता लिहा. आणि जुना गाव नकाशा काढून बघा की प्लॉटमधून नाला जात होता का, भराव टाकला की नाला डोळ्यांना दिसत नाही पण पाणी जुन्याच वाटेने येतं.

कॉलनीची मीटिंग

खरं सांगायचं तर पालिकेतल्या सुनावणीपेक्षा ही अवघड. कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद आहे, मतदार एकत्र बसून वॉर्डातले प्रश्न मांडतील अशी, पण त्या नीट भरतात असं दिसत नाही, म्हणून आपली आपणच घ्यायची.

जागा: ओपन स्पेसवरचं समाजमंदिर किंवा मंदिराचा सभामंडप, जिथे कोणालाही यायला संकोच वाटत नाही. बिल्डरच्या ऑफिसात नको आणि कुठल्या पक्षाच्या कार्यालयातही नको. वेळ ठरवताना आधी बायकांना विचारा, कारण पाणी कधी येतं, कमी कधी येतं, टँकर किती लागला हे त्यांनाच माहीत असतं आणि सात वाजता मीटिंग ठेवली की नेमक्या त्याच स्वयंपाकघरात अडकतात. शिफ्टवाले लोक असतील तर रविवारी सकाळी घ्या. भाडेकरूंनाही बोलवा, ते पण त्याच रस्त्याने जातात आणि तेच पाणी पितात.

अध्यक्ष कोण? सगळ्यात मोठ्या आवाजाचा नको, आणि पुढच्या निवडणुकीला उभं राहायचंय तोही नको. शेजारच्या कॉलनीतल्या एखाद्या निवृत्त शिक्षिकेला विनंती करा, ज्यांचा या प्लॉटशी काही संबंध नाही.

डीपीचा भाग नकाशा झेरॉक्सवाल्याकडे देऊन मोठ्या फ्लेक्सवर छापून आणा आणि भिंतीला टांगा. खर्च थोडा, फरक प्रचंड. लोक आधी आपलं घर शोधतात, मग प्लॉट, मग रस्ता, आणि आपोआप मुद्द्यावर येतात. पहिली पंधरा मिनिटं फक्त माहिती: काय येतंय, कागदावर काय आहे, हरकतीची शेवटची तारीख कोणती. तोपर्यंत कोणी मत मांडायचं नाही. त्यानंतर प्रत्येकी दोन मिनिटं, आणि सुरुवात गप्प बसणाऱ्यांपासून, म्हणजे स्कूल व्हॅन चालवणारे भाऊ, कोपऱ्यावरचे किराणावाले, कधीच न बोलणाऱ्या मावशी. नेहमीचे बोलणारे शेवटी बोलतीलच, त्यांची काळजी नको.

ज्याची जमीन आहे त्या शेतकऱ्यालाही बोलवा आणि पुढे बसवा. मखमलाबाद, म्हसरूळ, आडगाव, पाथर्डी, आपल्या बऱ्याच कॉलन्या अशाच कोणाच्या तरी द्राक्षबागेवर आणि भाजीच्या मळ्यावर उभ्या आहेत. आपल्या घरासाठी त्याच्या भावकीने जमीन विकली ती चालली आणि आज तो विकतोय तर तो व्हिलन, हे बरोबर नाही. त्याला विचारा की दादा, पाणी कुठून वाहतं, विहीर कुठे होती, शीव कुठली. जमिनीबद्दल त्याच्याइतकं कोणालाच माहीत नसतं.

बिल्डरच्या इंजिनियरला शेवटच्या अर्ध्या तासाला बोलवा, प्रश्न आधी लिहून द्या. पावसाचं पाणी कुठे सोडणार, ड्रेनेजची लाइन कुठल्या चेंबरला जोडणार आणि ती किती इंची आहे, पाहुण्यांच्या गाड्या कुठे लागणार, काम सकाळी किती ते रात्री किती, ट्रक कुठल्या रस्त्याने येणार. उत्तरं त्याच्या सहीने घ्या. आणि एक गोष्ट मीटिंगच्या सुरुवातीलाच सगळ्यांसमोर ठरवा: हा विषय मिटेपर्यंत मंदिराला, गणेश मंडळाला, कॉलनीच्या गेटला त्या प्रकल्पाकडून एक रुपया वर्गणी घ्यायची नाही. नंतर ठरवायला गेलात तर उशीर झालेला असतो आणि कोणी कितीही प्रामाणिक असला तरी लोकांच्या मनात संशय राहतोच.

मतदान घेऊन अल्पमतवाल्यांना गप्प बसवू नका. इतिवृत्तात लिहा की बहुतेकांचं म्हणणं असं, काही जणांचं म्हणणं असं. सह्या त्याच रात्री घ्या, दुसऱ्या दिवशी कोणी सापडत नाही. ग्रुपचं म्हणाल तर कागदपत्रांसाठी वेगळा ग्रुप काढा ज्यात फक्त अ‍ॅडमिन टाकू शकेल, नाहीतर हरकतीचा नमुना गुड मॉर्निंगखाली गाडला जातो.

हे अर्जात लिहू नका

"भाडेकरू येतील", "छोट्या घरातले लोक येतील", "आमच्यासारखे लोक येणार नाहीत", "आमच्या फ्लॅटचा रेट पडेल". जात, धर्म, खाणंपिणं यातलं तर एक अक्षर नको, मीटिंगमध्ये कोणी काढलं तर अध्यक्षांनी तिथेच थांबवायचं. दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहरात ४ हजार चौरस मीटर आणि त्यापुढच्या प्रकल्पात २० टक्के घरं आर्थिक दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठी ठेवायचा नियम आहे, नाशिकला तो लागू आहे, आणि तो चांगला नियम आहे. सिडकोने सहा योजना काढून कामगारांना छोटी घरं दिली नसती तर आजचं नवीन नाशिक झालंच नसतं. उलट कॉलनीने विचारावं की ती २० टक्के घरं कुठायत, त्यांना पण तेच गेट, तीच लिफ्ट, तेच पाणी आहे का. माणसांवर हरकत नसते, रस्त्यावर, पाण्यावर, नाल्यावर, नियमावर हरकत असते. अधिकारीही पहिल्या प्रकारचे अर्ज बाजूला ठेवतात आणि त्यात तुमचा ड्रेनेजचा खरा मुद्दाही वाया जातो.

अर्ज असा लिहा

एक पान पुरतं. साधारण असं:

"प्रति, मा. आयुक्त, नाशिक महानगरपालिका, राजीव गांधी भवन, शरणपूर रोड, नाशिक.
विषय: सर्व्हे नं. ___, मौजे ___ येथील प्रस्तावित फेरबदलाबाबत हरकत. संदर्भ: दि. ___ च्या दै. ___ मधील जाहीर सूचना.
महोदय, मी वरील जागेपासून ___ मीटरवर राहतो/राहते. १) विकास आराखड्यात रस्ता ___ मीटर दाखवला आहे, जागेवर तीन ठिकाणी मोजला असता ___ मीटर भरतो, फोटो जोडले आहेत. २) या गल्लीतील ड्रेनेज लाइन ___ तारखेला तुंबल्याची तक्रार केली होती, तिचा क्रमांक ___. ३) मागणी: रस्ता मंजूर रुंदीचा झाल्याशिवाय आणि ड्रेनेज लाइनची क्षमता वाढवल्याशिवाय फेरबदलास मंजुरी देऊ नये, किंवा तशी अट घालावी. मला प्रत्यक्ष म्हणणे मांडण्याची संधी द्यावी."

शेवटचं वाक्य विसरू नका. तिसऱ्या मुद्द्यात "किंवा तशी अट घालावी" हे पण, कारण पूर्ण नकार मिळणं कठीण, अट घालून घेणं शक्य असतं आणि त्या अटीच्या जोरावर पुढची पाच वर्षं भांडता येतं. एकच मजकूर दोनशे झेरॉक्स करून सह्या मारू नका, तो एकच मुद्दा म्हणून बघितला जातो. वीस घरांनी वीस वेगळे अर्ज द्या, ज्याने त्याने आपल्या गेटसमोरचं लिहावं. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घ्या, ती पोच प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये. मुदतीच्या शेवटच्या दिवशी जाऊ नका.

सुनावणीच्या दिवशी

ओळखपत्र, पोच, फोटो, नकाशा. पन्नास जण एकदम आत घुसू नका, पाच-सहा जण बोला आणि प्रत्येकाने वेगळं बोला: एकाने रस्ता, एकीने पाणी, एकाने पूर. तीन मिनिटांत सर्व्हे नंबर, अडचण, मागणी. "साहेब, मी थोडक्यात सांगतो" म्हणून खरंच थोडक्यात सांगा. मध्येच "हा विषय इथला नाही" म्हणाले तर आवाज न चढवता म्हणा की ठीक आहे, पण माझं म्हणणं नोंदीत घ्या. हजेरीवर सही करा, आणि सुनावणीच्या नोंदीची प्रत मिळावी असा अर्ज निघायच्या आधीच देऊन या. कोणी घोषणा द्यायला लागलं तर आपल्याच लोकांनी आवरायचं, गोंधळ झाला की सुनावणी गुंडाळली जाते आणि दुपारपासून रांगेत बसलेल्या आजींचा नंबरच येत नाही.

स्वतःच्या सोसायटीचा रिडेव्हलपमेंट असेल तर

कॉलेज रोड, गंगापूर रोड, नाशिकरोडच्या जुन्या बिल्डिंगांमध्ये सध्या हाच विषय आहे. सहकार कायद्याच्या कलम ७९अ खाली ४ जुलै २०१९ चा शासन निर्णय डाउनलोड करून घ्या. विशेष सभेची नोटीस १४ दिवस आधी, कोरम एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश, संमती एकूण सभासदांच्या किमान ५१ टक्के, नुसत्या हजर असलेल्यांच्या नव्हे, आणि ती लेखी. व्हिडिओ शूटिंग करायचं. कोणी "बहुमत झालं, सह्या करा" म्हणत जिन्यात कागद फिरवत असेल तर ती सभा होत नाही. आणि तुम्ही आधीच एखाद्या प्रकल्पात फ्लॅट बुक केलाय आणि बिल्डर दुसऱ्या फेजसाठी गार्डनच्या जागी टॉवर टाकतोय, तर रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे मंजूर लेआउट बदलायला दोन तृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती लागते. अ‍ॅग्रीमेंटच्या कुठल्या तरी पानावर आधीच घेतलेली सरसकट संमती दाखवतात, तेव्हा वकिलाला विचारल्याशिवाय गप्प बसू नका.

निकाल लागल्यावर

डीपीतला बदल पालिकेने मान्य केला तरी शेवटची मंजुरी राज्य सरकारची असते, त्यामुळे तुमच्या हरकतीची प्रत नगरविकास विभागाला आणि नगररचना विभागाच्या विभागीय ऑफिसला पाठवा. पर्यावरण मंजुरीवर आक्षेप असेल तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात ३० दिवसांत अपील, आपल्याला पुण्याचं खंडपीठ. पालिका उत्तरच देत नसेल तर लोकशाही दिन, दर महिन्याचा पहिला सोमवार, अर्ज पंधरा दिवस आधी.

परवानगी मिळाली तर तिच्या अटींची प्रत काढा आणि बांधकाम चालू असताना एकेक अट तपासा. नाशिकला कपाटाचं प्रकरण विसरता येणार नाही, मंजूर प्लॅनमध्ये कपाटाची म्हणून दाखवलेली जागा खोल्यांत घेतली गेली आणि पुढे हजारो फ्लॅटचे पूर्णत्वाचे दाखले अडकले, त्यात भरडले गेले ते घर घेतलेले साधे लोक. म्हणून शेजारी नव्याने राहायला येणाऱ्यांना भोगवटा दाखला (बिल्डिंग राहायला योग्य असल्याचा पालिकेचा कागद) बघूनच ताबा घ्या असं सांगा, ते उद्याचे तुमच्याच कॉलनीतले आहेत, आणि ड्रेनेजसाठी पुढचा अर्ज त्यांच्याबरोबरच करायचाय.

सगळी फाइल, पोच, नकाशे, इतिवृत्त दोन वेगवेगळ्या घरांत ठेवा, शिवाय स्कॅन करून. आणि मे महिन्यात, पाऊस यायच्या आधी, प्लॉटमागच्या नाल्यात बांधकामाचा राडारोडा पडलाय का ते बघून या. पडला असेल तर तारखेसह फोटो आणि परवानगीतल्या अटीचा नंबर टाकून अर्ज आपापल्या विभागीय कार्यालयात, पंचवटी, सातपूर, सिडको, नाशिकरोड, पूर्व, पश्चिम जे असेल तिथे, आणि पोच घेऊन या.